कोंबडीखालचे गोटे

एकदा एक बाई एका वृद्ध बुरुडाकडे टोपल्या विणायला शिकत होती. गोष्टींतले वृद्ध गुरू बहुधा शांत आणि प्रसन्नमुख असतात. हा तसा नव्हता. विणीत एक कामटी चुकली तरी सगळी टोपली उसवून शिष्येच्या पुढ्यात फेकायचा. तरीही द्वारका, म्हणजे ती बाई, रोज त्याच्या अंगणात येऊन बसे. कारण त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता.

तीन महिन्यांपासून मात्र तिचं चित्त विणण्यात नव्हतं. थोरल्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला तिने आपली पहिली निर्दोष टोपली नेली होती, आत घरी भाजलेली नानकटाई. बहिणीने चारचौघींसमोर नानकटाई डब्यात ओतली आणि टोपली कामवालीकडे सरकवली. "घे गं, कांद्याची सालं टाकायला होईल." द्वारका न जेवता उठून आली. बहिणीने पुढे दोनदा निरोप धाडला, हिने दाद दिली नाही. आता तर बहीण चार दिवसांत लेकाकडे, दूर परदेशी, कायमची निघाली होती.

"जाते तर जाऊ दे!" द्वारका म्हणे, आणि कामटी अशी हिसकून ओढी की बोट कापे.

मागल्या महिन्यात तिची काळी कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं बंद, रिकाम्या खोक्यात दिवसभर ठाण मांडून बसायचं आणि जवळ येईल त्याला चोच मारायची. द्वारकेकडे कोंबडा नव्हता. तिने कोंबडी उचलून म्हाताऱ्याकडे आणली.

"बाबा, तुमच्याकडची अंडी ठेवा हिच्याखाली. पिल्लं तरी निघतील."

"ठेवतो काहीतरी. पण बसल्या कोंबडीखाली हात घालायचा नाही, सांगून ठेवतो."

एकवीस दिवस झाले. बावीस झाले. कोंबडीचा तुरा फिका पडला, पिसं निस्तेज झाली, आणि पिल्लाची चिवचिव काही ऐकू येईना. तेविसाव्या दिवशी द्वारकेला राहवलं नाही. तिने हात घातला. कोंबडीने मनगट फोडलं, तरी तिने मागे घेतला नाही. बाहेर निघाला तो नदीतला गोटा. मग दुसरा. खाली पाच होते, पाचही गोटेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बाबा, लाज नाही वाटली? मुक्या जिवाला दगडांवर बसवलंत! दाणा टिपायलासुद्धा धड उठली नाही ती. मेली असती म्हणजे?"

"मेली असती," म्हातारा तितक्याच जोरात म्हणाला. "तो अपराध माझा, आणि तो मीच फेडीन. पण दुसरीही एक मरायला टेकलीय माझ्या अंगणात, तिचं काय करू? तो गोटा धर हातात. कसा लागतो?"

द्वारकेने मूठ आवळली. गोटा चांगला ऊन होता.

"तेवीस दिवसांची ऊब आहे ती," म्हातारा म्हणाला. "ऊब खोटी नव्हती, पोरी. तुझा रागही खोटा नाही. तुझ्या बहिणीने केलं ते वाईटच केलं. मी असतो तर तिथेच ओरडलो असतो. पण खरं अंडं एकवीस दिवसांत फुटतं. रागाचंही तसंच. त्यात जीव असेल तर तो उठतो, चालत जातो, तोंडावर बोलतो. तू तीन महिने बसलीयेस. काय निघालं? जवळ येईल त्याला चोच मारतेस आणि स्वतः वाळत चाललीस. चार दिवसांनी ती जाईल, मग जन्मभर बसशील. आता ऊठ!"

द्वारका उठली. राग निवळला होता म्हणून नव्हे. तो तर डोक्यात धुमसत होता. तशीच, रक्ताळलेल्या मनगटाने, ती बहिणीच्या दारात उभी राहिली.

"आक्का, माझ्या टोपलीत सालं टाकलीस तू! माझे दोन महिने होते त्या टोपलीत!"

"आणि तू बाळाचं तोंडही न पाहता निघून गेलीस!" बहीणही कडाडली. "दोनदा माणूस पाठवला, कुत्र्यासारखा हाकललास!"

दोघी तासभर भांडल्या. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि ऐकून ऐकून कंटाळून गेली. शेवटी बहीण धपकन पायरीवर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता. "आता आत ये. त्या दिवशीचं जेवण राहिलंय तुझं."

द्वारका रागातच जेवली, पण पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात आली, तेव्हा काळी कोंबडी म्हाताऱ्याच्या हातचे दाणे टिपत होती. गोटे तिथेच पडले होते. द्वारकेने एक उचलून पाहिला. गार होता.

आपलाही राग फार दिवस बसून असेल, तर एकदा त्याच्याखाली हात घालून पाहावा. चोच लागेल, तरी पाहावा.