कुरडयांची राखण

"मग तुला नेमकं काय हवं होतं?" आबांनी विचारलं.

"दोन दिवस, आबा! फक्त दोन दिवस. फार मागितलं का मी?"

आबांनी हातातली काठी फरशीवर आपटली. कुरडयांच्या रोखानं निघालेलं वानर पुन्हा भिंतीवर जाऊन बसलं.

कुरडया माझ्या. मठाच्या उत्सवाला लागतात म्हणून दर चैत्रात घालते आणि अंगणात जुन्या धोतरांवर वाळत टाकते. राखणीला आबा. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, लोक लांबून त्यांच्या पाया पडायला येतात. पण या दिवसांत कुणी काही विचारलं, तर उत्तर मिळतं ते कुरडयांवरची नजर न हलवता. मला त्यात काही वावगं वाटत नाही. एकोणीस वर्षं मी इथल्या चुलीपाशी आहे. वानरांना कुठं कळतंय महाराज कोण ते!

आलेला माणूस म्हणजे भालचंद्र काकडे. शाळेत पी.टी.चा मास्तर. लहानपणी आईचं बोट धरून यायचा. आता वर्षातून एकदा येतो आणि आल्या आल्या सांगतो, "दोनशे बारा पायऱ्या, नऊ मिनिटं!" गळ्यात शिट्टी. रविवारीसुद्धा.

आज पायऱ्यांचं काही बोलला नाही. तेव्हाच मी ओळखलं, याचं काहीतरी बिनसलंय.

"कुणाबरोबर दोन दिवस?" आबा म्हणाले.

"दोस्तांबरोबर. आम्ही चौघं, शाळेपासूनचे. बावीस वर्षं झाली, चौघं एका ठिकाणी राहिलो नव्हतो. अडीच वर्षं नुसतं ठरवतोय. याला रजा नाही, त्याच्याकडे लग्न. चार वेळा ठरलं, चार वेळा मोडलं. शेवटी मीच कंबर कसली. खाली धरणाकाठी बंगला भाड्यानं घेतला. वेळापत्रक केलं."

"कसलं पत्रक?"

त्यानं पिशवीतून एक कार्ड काढलं. वर प्लास्टिक चढवलेलं, पाण्यात पडलं तरी भिजू नये म्हणून. चौघांना चार केली होती म्हणे. आबांना जवळचं दिसत नाही, त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी वाचलं.

"शनिवार. नऊला पोहे. साडेनऊला पोहणे. अकरा ते बारा, जुन्या आठवणी."

मी थांबले. "आठवणींना एक तास?"

"साडेबाराला जेवण होतं ना," तो म्हणाला. अगदी मनापासून.

मी तोंडाला पदर लावला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी आत जाऊन दोन भांडी उगाच वाजवली आणि परत उंबऱ्यात येऊन बसले. ऐकायचं तर होतंच.

"मग?"

"मग काय! अनंता दोन्ही दिवस फोनवर. केरबाला काल संध्याकाळी सासरवाडीहून बोलावणं आलं, तो गेला. त्यांचं एक वेळ सोडा. पण यासीन..."

नाव घेतलं आणि त्याचा आवाज बदलला.

यासीन आतार. एका बाकावर बसून दोघं दहावी झाले. मास्तरच्या वडिलांच्या मयतीत तेरा दिवस घरी न जाता राहिला तो हा. मला ठाऊक आहे, कारण दर वर्षी मास्तर इथं नारळ फोडतो तो दोन नावांनी. एक स्वतःच्या, एक यासीनच्या.

"यासीननं काय केलं?"

"झोपला."

"बरं."

"बरं काय, आबा! दोन दिवस झोपला! शनिवारी पोचलो, पोहे खाल्ले, मी पत्ते वाटायला घेतले आणि हा जो आडवा झाला तो झाला. पोहायला नाही, जेवायलाही धड नाही. बहिणीला बोलावून घेतलं त्यानं घरी, अम्मीजवळ बसायला. उद्या सकाळपर्यंत राहणार आहे ती. एवढं सगळं जमवून आला आणि काय केलं? घोरला!"

"अम्मीला काय झालंय?"

"विसरतात त्या. माणसं ओळखत नाहीत. कडी काढून रस्त्यावर चालायला लागतात. एकदा पार बाजारतळावर सापडल्या. आठ महिने झाले, हा दाराला आडवा पडतो. त्या उठल्या की याच्या अंगावरूनच जावं लागतं, म्हणजे कळतं." एवढं एका दमात सांगून मास्तर पुन्हा मूळ पदावर आला. "ते सगळं मला कळतं हो, आबा. पण आम्ही कोण मग? बावीस वर्षांनी भेटलो आणि माझ्याशी चार शब्द बोलावेसे वाटले नाहीत त्याला?"

डोळ्यांत पाणी होतं. पी.टी.च्या मास्तरला ते लपवता येईना आणि पुसताही येईना.

मला त्याचा राग येत होता, तसं वाईटही वाटत होतं. आठ महिने, आठ महिने म्हणतोय तोंडानं, आणि कानात जात नाहीये याच्याच. मी काही बोलणार होते, पण आबांनी काठीचं टोक जरासं उचललं. ते वानरासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

"उठवलं नाहीस?" आबांनी विचारलं.

मास्तरनं मान खाली घातली. बोटं शिट्टीशी गेली.

"आज सकाळी दहा वाजता. सहाची टेकडी बुडाली, आठचा नाश्ता बुडाला. माझं डोकं फिरलं. त्याच्या कानाशी जाऊन शिट्टी मारली. शाळेत मारतो तशी, लांब."

"हं."

"धडपडत उठला. 'अम्मी! अम्मी!' करत दाराकडे पळाला, अनवाणी. कडी चाचपायला लागला. अनंता हसला... मीही हसलो."

मास्तरनं गळ्यातली शिट्टी मुठीत आवळली.

"मग तो भिंतीला टेकून बसून राहिला. मी म्हटलं, झोपायचंच होतं तर घरी झोपायचंस ना लेका, इथं कशाला आलास? त्यानं माझ्याकडे पाहिलं. 'घरी?' म्हणाला. एवढंच. बॅग भरली, चहासुद्धा न घेता बाहेर पडला. माझ्या गाडीतून आला होता, आता म्हणतो एसटीनं जातो."

"एसटी कितीला?"

"साडेतीनला. एकच आहे. बसलाय तिथं अकरापासून."

'तिथं' म्हणताना त्याचा हात गेला अंगणाच्या कडेकडे. तिथून खालचा थांबा दिसतो. पिंपळाखाली पांढरा शर्ट घातलेलं कुणीतरी बसलेलं होतं. आल्यापासून मास्तर चार वेळा त्या कडेला जाऊन आला होता. हवा खायला, म्हणाला.

आता त्यानं फोन काढला.

"आबा, मी लिहून ठेवलंय. पाठवायचं तेवढं राहिलंय. तुम्ही म्हणालात तर..."

"वाच."

"'यासीन, आजपासून तू मोकळा, मी मोकळा. पुन्हा भेटायचं नाव काढू नकोस.'"

तो पाठवणार होता. बोट तिथंच होतं. आणि खाली बसलेला तो माणूस एकदा साडेतीनच्या गाडीत चढला की संपलं, हे मला दिसत होतं. असली माणसं पुन्हा फोन करत नाहीत, दोघंही.

"पाठव की," आबा म्हणाले.

मी उडालेच.

"पाठव. पण जरा वेळानं. तू अजून थोडा वेळ जागा आहेस ना?"

"म्हणजे काय, आबा! भर दुपारी मी काय झोपणार आहे?"

"मग मी जरा पडतो."

असं म्हणून आबांनी काठी त्याच्या हातात दिली, खांद्यावरचं उपरणं डोक्याखाली घेतलं आणि तिथंच, मास्तरच्या पायाशी, फरशीवर कुशीला वळले.

एकोणीस वर्षांत या माणसाला मी दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. आत पलंग आहे, पंखा आहे. भक्तांनी आणून दिलेला गारवा टाकणारा कूलरसुद्धा आहे. तिकडे नाही गेले. दोन मिनिटांत श्वास जड झाला. खरंच झोपले की सोंग होतं, ते मला विचारू नका.

मास्तर काठी घेऊन बसला. फोन एका हातात, काठी दुसऱ्या हातात.

वानरांना बरोबर कळतं राखणदार बदललेला. एक उतरलं. मग दोन. मग सगळी पलटण.

मास्तरनं काठी उचलली. आपटणार, तेवढ्यात आबांकडे बघितलं आणि हात तसाच खाली आला.

मग शिट्टी तोंडात धरली. सवयीनं. गाल फुगले. मला वाटलं, झालं, आता टेकडी हादरते.

शिट्टी वाजली नाही.

त्यानं ती तोंडातून काढली आणि हळूच शर्टाच्या आत सोडली. फोन फरशीवर ठेवला. बूट काढले, मोजे काढले. आणि हा पैलवानासारखा माणूस त्या तापलेल्या फरशीवर अनवाणी, चवड्यांवर, हातात रुमाल घेऊन वानरांच्या मागं नाचायला लागला. तोंडातून आवाज नाही. चटके बसत होते, तोंड वेडंवाकडं होत होतं. हातवारे असे की वानरंच बिचकली. एक या बाजूनं हाकललं की दुसरं त्या बाजूनं. मधेच कढईवर माझी पळी लागली, तर माझ्यावरच डोळे वटारले.

"श्श! झोपलेत ना ते!"

एक धोतरभर कुरडया गेल्या माझ्या. दुसऱ्या कुणी घालवल्या असत्या तर मी त्याला सोडलं नसतं.

ऊन सरकलं आणि आबांच्या तोंडावर आलं. मास्तर वानरं सोडून तिथं गेला, उन्हाच्या आड उभा राहिला. हलेना. पाय भाजत होते, एक खाली, एक वर. सावली मात्र आबांच्या डोळ्यांवरून हलू दिली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आबांनी डोळे उघडले. आधी सावली बघितली, मग मास्तरचे पाय.

"वानरं आली होती?"

"आली होती."

"शिट्टी नाही ऐकू आली."

"तुम्ही झोपला होतात, आबा."

"असं होय," आबा म्हणाले, आणि उठून बसले.

मास्तर काहीतरी बोलायला गेला. थांबला. मग एकदम खालीच बसला.

"आबा... तो असंच म्हणाला होता."

"कोण?"

"यासीन. शनिवारी मी पत्ते वाटत होतो. तो म्हणाला, 'तुम्ही सगळे जागे आहात ना? मग मी जरा पडतो.' खोली होती त्याला, गादी होती. मी म्हटलं, आत जाऊन पड. गेला नाही. आम्ही बोंबलत होतो, पत्ते आपटत होतो, तिथंच झोपला. आमच्या पायाशी." त्याचा हात कपाळावर गेला. "आणि मी त्याच्या कानात..."

रडला. चांगला ओक्साबोक्शी रडला, आणि या वेळी लपवायची धडपडही केली नाही. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. फक्त काठी त्याच्या हातातून काढून घेतली.

थोड्या वेळानं मास्तरनं फोन उचलला. लिहिलेलं पुसलं. घड्याळ बघितलं.

"तीन वाजून दहा!"

मी आत पळाले. दोन भाकरी, लसणाची चटणी, कांदा आणि वाचलेल्या कुरडयांतल्या चार तळून फडक्यात बांधल्या. सकाळपासून चहाही नाही त्या लेकराच्या पोटात. लेकरू म्हणजे चाळिशीचं असेल. असू दे.

मास्तर मोज्यांशिवायच बुटात पाय कोंबत होता.

"आबा, येईल का तो माझ्या गाडीत?"

आबांची नजर पुन्हा कुरडयांवर गेली होती.

"नाही आला तर मीही एसटीत बसतो. शेजारी. गाडी राहू दे इथंच." पुरचुंडी छातीशी धरून तो पायऱ्यांकडे धावला. पहिल्या पायरीवर थांबला, वळला. डोळे अजून ओले होते, पण तोंडावर पुन्हा तो मास्तर आला होता. "आणि आला तर बघाच, आबा! घाटातला जवळचा रस्ता मी शोधून काढलाय. धरणाला वळसा घालून गेलं तर चार तास लागतात, माझ्या रस्त्यानं तीन. अंधाराच्या आत घरी पोचवतो त्याला!"

"भालचंद्र," आबांनी हाक मारली.

"जी?"

"लांबच्या रस्त्यानं जा."