साळूची पिसे

दरीच्या अलीकडच्या जंगलात एक साळू राहत असे. तिच्या पाठीवर काळेपांढरे काटे होते, पंजे खणायला बळकट होते, आणि कंद शोधावा तर साळूनेच, असे सारे रान म्हणत असे. दरीच्या पलीकडे, समोरच्या पठारावर, तिची म्हातारी आई एकटी राहत होती. स्वच्छ सकाळी कड्यावरून पलीकडचा उंबर दिसे. त्या उंबराच्या मुळाशीच आईचे बीळ होते. मध्ये फक्त दरी. दरीतून पलीकडे जाणारी एक जुनी पायवाट होती, पण ती निसरडी, झाडोऱ्यात हरवलेली, आणि खालच्या ओढ्याला पावसाचे पाणी चढले की बंद होणारी.

एका उन्हाळ्यात धनेश पक्षी निरोप घेऊन आला. "साळूताई, तुझ्या आईला दिसेनासं झालंय. पाऊस लागायच्या आधी एकदा येऊन जा म्हणाली. काही आणू नकोस, नुसती जवळ बस."

"ही निघालेच," साळू म्हणाली. आणि ती खरोखरच निघाली होती, मुलांनो. हे लक्षात ठेवा. आईसाठी ओंजळभर करवंदे घ्यावीत म्हणून ती पायवाटेच्या तोंडाशी कोल्ह्याच्या दुकानावर थांबली, एवढेच. काही आणू नकोस, असे आईने सांगूनही थांबली.

कोल्ह्याच्या दुकानात कंद द्यावेत आणि फळे घ्यावीत, असा रिवाज होता. कोल्ह्याने करवंदांबरोबर तिच्या पंजावर एक लालचुटुक गुंज ठेवली.

"हे काय, कोल्होबा?"

"आमच्याकडून घेतलंत, त्याचा मान! दर खरेदीला एक गुंज. अशा गुंजा जमवायच्या, चौकातल्या कावळ्याकडे न्यायच्या. तो त्या बदल्यात करकोच्याची पिसं देतो. दहा पिसं झाली की करकोचा तुम्हाला वेलींच्या टोपलीत बसवून थेट दरीपलीकडे नेऊन सोडतो. फुकट!" कोल्ह्याने तिच्या धुळकट पायांकडे पाहिले. "का पायी निघाला होतात? अगंबाई! पायी तर काय, बेडकंसुद्धा जातात."

साळूला एकदम आपले पाय लहान वाटू लागले. तिने वर पाहिले. मोठा पांढरा करकोचा टोपली घेऊन दरीवरून संथ चालला होता. वर ना काटा, ना दगड, ना घसरण. आई खालून पंखांचा आवाज ऐकेल आणि विचारेल, कोण आलं गं? साळूने ती करवंदे घेतली, आणि पायवाटेकडे न वळता ती पुन्हा कंद खणायला गेली.

त्या दिवसापासून तिला दुसरा उद्योग उरला नाही. ती कंद खणी, कोल्ह्याला देई, नको असलेली फळे आणि गुंजा घेई. फळे बिळात सडू लागली. इतकी, की तिला स्वतःला झोपायला बाहेर यावे लागले. गुंजा मात्र वाढत होत्या. चौकातल्या दगडावर बसलेला कावळा त्या चोचीने पुढेमागे सरकवी, त्यातली एखादी पंखाखाली सारी आणि पिसे काढून देई.

"मूठभर गुंजा दिल्या मी, कावळेबुवा. आणि तीनच पिसं?"

"काल आली असतीस तर चार दिली असती. आजचा भाव आज. आणि ताई, तू हुशार दिसतेस, म्हणून तुलाच सांगतो. गुंजांची सरळ पिसं करूच नयेत. आधी अस्वलाच्या मधाच्या दुकानात त्या देऊन शिंपले घ्यायचे. शिंपल्यांवर पिसं जास्त मिळतात."

साळूने गुंजांचे शिंपले केले. मग शिंपल्यांची पिसे करायला ती परतली, तेव्हा कळले की शिंपल्यांचा भाव सकाळीच उतरला. तिने शिंपल्यांच्या पुन्हा गुंजा केल्या. हे सगळे झाल्यावर तिच्याकडे सुरुवातीपेक्षा कमी गुंजा होत्या, पण कुठे, केव्हा आणि कुणी कमी केल्या, हे तिला काही केल्या सांगता येईना. प्रत्येकजण तर गोड बोलला होता. उलट आता पुढच्या खेपेला काय करायचे हे आपल्याला नेमके कळले आहे, असे तिला वाटले. जो लुबाडतो तो लुबाडता लुबाडता तुम्हाला हुशारही म्हणत असेल, तर ओरडायचे तरी कोणावर?

पिसे हरवू नयेत म्हणून ती आपल्या काट्यांत खोचून ठेवी. रानात तिची थट्टा सुरू झाली. "काय गं साळू, पिसं फुटली! आता अंडी कधी घालतेस?" माकडे फांद्यांवरून विचारीत. साळू मान ताठ करून पुढे जाई.

एके दिवशी ओढ्याकाठचा खेकडा वाटेत भेटला. तोही पठाराकडे निघाला होता; इकडचे डबके आटले होते, आणि पलीकडच्या कपारीत बारमाही झरा आहे असे त्याने ऐकले होते.

"चल की माझ्याबरोबर," खेकडा म्हणाला. "सोबत होईल. तुझी आई तिकडेच असते ना?"

साळूला हसू आले. "तू? तू तर तिरका चालतोस, खेकडेदादा."

"तिरका चालतो, पण चालतो तर!"

"माझी आठ पिसं झालीत. दोनच राहिली. आता पायी गेले तर एवढं सगळं वाया नाही का जाणार?"

"काय वाया जाणार?"

"ही पिसं!"

खेकड्याने डोळे बाहेर काढून तिच्या पाठीकडे नीट पाहिले. "ती तुझी आहेत का?" असे त्याने विचारले, पण भांडावे म्हणून नाही, त्याला खरेच कळले नव्हते. साळू रागावून निघून गेली. खेकडा कडकड करीत दरीत उतरू लागला.

शेवटी दहा पिसे झाली. साळू धावत कड्यावर गेली. करकोचा एका पायावर उभा होता. त्याने पिसे पाहिली, मग पिसांखालचे काटे पाहिले.

"काटेवाल्यांना वीस," तो म्हणाला. "टोपलीला भोकं पडतात."

"पण हे आधी कुणी सांगितलं नाही!"

"मी रोज सांगतो." आणि हे खोटे नव्हते. रोज उडताना करकोचा आपले सगळे नियम म्हणत असे. फक्त तो ते पंख फडफडवतानाच म्हणे, आणि त्या फडफडाटात त्याचा एकही शब्द खाली कुणाला ऐकू येत नसे. साळू आणखी काही बोलणार तोच झाडीतून वाघाचा मेहुणा बिबट्या जांभई देत आला आणि टोपलीत बसला. त्याच्याकडे एकही पीस नव्हते. त्याला कुणी विचारलेही नाही.

त्या संध्याकाळी साळू कड्यावर बसून समोरचा उंबर पाहत राहिली. खाली पायवाट होती, ओढा कोरडा होता. पुन्हा एकदा सांगतो, ओढा अजून कोरडा होता. पण पाठीवर दहा पिसे होती, आणि ती तिला त्या पायवाटेपेक्षा जास्त खरी वाटत होती. "आणखी दहा," ती स्वतःशी म्हणाली, "एवढं केलं तसं तेवढंही करीन." धनेशाबरोबर तिने निरोप धाडला : आई, मी येते आहे. उडत येते आहे. थोडी थांब.

मग पाऊस आला. ओढा भरला, पायवाट बुडाली. साळू पावसात चिखल उकरून कंद काढीत राहिली. तिचे पंजे सुजले, नखे झिजली. ओढ्याचे पाणी उतरू लागले तेव्हा कुठे तिची वीस पिसे झाली. सारी पाठ पांढरी दिसू लागली. ती कड्यावर गेली, तर करकोचा नव्या तेजाने चमकत उभा होता.

त्याने एक पीस चोचीत धरून उजेडात पाहिले आणि खाली टाकले. दुसरे टाकले. तिसरे पाहिलेसुद्धा नाही.

"ही गेल्या हंगामातली. पावसाळ्यात आमची पिसं झडतात, नवी येतात. जी माझ्या अंगावर आहेत तसलीच चालतात. ही बाद."

"बाद? सगळी?"

"हेही मी रोज सांगत होतो," करकोचा म्हणाला आणि उडाला. उडताना तो आणखी काही म्हणाला. ते काय होते, देव जाणे.

साळू तिथेच बसून राहिली. तेवढ्यात कड्याच्या कडेला कडकड वाजले आणि एक नांगी वर आली. खेकडा परतला होता.

"पोचलास?" साळूने विचारले.

"पोचलो. पावसाच्या आधीच पोचलो. झरा चांगला आहे गं, पण बिबट्या रोज तिथेच पाणी प्यायला बसतो, म्हणून आलो परत." मग म्हणाला, "तुझी आई भेटली होती."

साळू त्याच्याकडे वळली.

"माझी कडकड ऐकून बिळातून म्हणाली, 'आलीस का गं?' मी म्हटलं, 'नाही आजी, मी खेकडा.' मग म्हणाली, 'माझी पोर वाटेत दिसली का रे?' मी म्हटलं, 'ती उडत येणार आहे.' तेव्हा म्हातारी इतकी हसली, इतकी हसली! म्हणाली, 'धनेशही हेच सांगून गेला. साळू कुठे उडते का रे? तिला सांग, चालत ये. हळू आलीस तरी चालेल म्हणावं.' पण मी सांगणार कसा? तोवर ओढ्याला पाणी आलं होतं."

"आता कशी आहे?"

खेकड्याने डोळे आत ओढून घेतले. "पाऊस जोरात होता त्या दिवसांत गेली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत पायांचा आवाज आला की विचारायची. कुणाच्याही पायांचा."

चौकातून जाताना कावळ्याने हाक मारली, "ताई, जुनी पिसं फेकू नकोस! दोन गुंजा देतो सगळ्यांच्या मिळून." कोल्हा दुकानातून म्हणाला, "ऐकून फार वाईट वाटलं हो. आमच्यातर्फे ही सीताफळं. आणि ही घ्या, दुःखाच्या प्रसंगी जादा गुंज." साळूने दोघांकडेही पाहिले नाही. ती पायवाटेने दरीत उतरली.

वाट निसरडी होती, पण तिच्या पंजांना माती धरता येत होती. झाडोरा होता, पण तिच्या काट्यांना त्याचे काय? घोटाभर उरलेल्या ओढ्यातून ती चालत गेली. सकाळी निघाली होती ती सूर्य कलायच्या आत उंबराखाली उभी होती. इतकेच अंतर होते. इतक्यासाठी तिने एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा कंद खणले होते.

बिळाचे तोंड पाहून ती थबकली. लहानपणी ते अरुंद होते, आईलाही अंग चोरून आत जावे लागे. आता ते दुप्पट रुंद होते. कडेची माती पंजाने, हळूहळू, चाचपडत उकरलेली दिसत होती. डोळ्यांना दिसत नसतानाही म्हातारीने ते वाढवले होते, कारण लेक आता मोठी झाली असेल, तिचे काटे लांब झाले असतील, आत येताना तिला लागू नये.

साळू आत गेली. तिचा एकही काटा कुठे घासला नाही. पाठीवरची पिसे मात्र एकेक करून गळून दारातच पडली, आणि वाऱ्याने ती दरीत गेली.

तात्पर्य : जे तुमच्या वाटेच्या तोंडाशी दुकान मांडून बसतात, त्यांनी दिलेले मोजत बसू नका. ते त्यांचेच असते आणि ते हवे तेव्हा बाद करतात. तुमचे म्हणावे असे तुमचे पायच, आणि जिच्यासाठी ते उचलायचे ती असेपर्यंतच त्यांचा उपयोग.