सरकते चट्टे

“मग तुझी जीभ सोलल्यासारखी लाल कशानं झाली? सांग ना!”

मठाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शिष्य त्र्यंबक ओरडत होता. चुलीपुढं कोंडाबाई मान खाली घालून बसलेली. समोर नैवेद्याच्या खिरीचं पातेलं, अजून वाफाळत होतं.

देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य चाखायचा नाही, हा मठाचा नेम. मीठसुद्धा अंदाजानंच घालायचं. आज कोंडाबाईनं जांभई दिली आणि त्र्यंबकला तिच्या जिभेवरचे लाल चट्टे दिसले. एवढा पुरावा त्याला पुरला. खीर चाखताना भाजली, दुसरं काय! त्र्यंबकनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आरडाओरडा ऐकून मठाचे गुरू भैरवबाबा काठी टेकत आले.

“बाबा, हिला आजच्या आज घालवा. अशा जिभेच्या बाईच्या हातचं मी खाणार नाही.”

“जन्माचं हाय हे, बाबा,” कोंडाबाई म्हणाली. “आज हितं, उद्या तिथं, चट्टे सरकत्यात. एकवीस वर्सं रांधते. देवाच्या आधी शीत न्हाई तोंडात घातलं.”

मठाबाहेर तिला कोणी नव्हतं.

“चट्टे म्हणे सरकतात!” त्र्यंबकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पाय फुटलेत काय त्यांना? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं झालंय इथं!”

यातलं आंधळं कोण, हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण माघार घेईल तर तो त्र्यंबक कसला.



बाबांनी त्याला दंडाला धरून अंगणातल्या उजेडात ओढलं आणि लहान पोरासारखी स्वतःची जीभ बाहेर काढली.

लाल चट्टे. कडेनं पांढुरकी रेघ. थेट कोंडाबाईसारखे.

त्र्यंबक बघतच राहिला. बारा वर्षं तो याच तोंडाकडे डोळे लावून बसत आला होता. याच तोंडानं त्याच्या कानात मंत्र सांगितला होता.

“लहानपणापासून आहेत,” बाबा म्हणाले. “सरकतात.”

त्र्यंबकनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“घालवतो मी तिला.” बाबांचा आवाज कधी नव्हे तो चढला. “पण आधी माझा मंत्र मला परत दे.”