तीनशे पावलांवरचा खड्डा

एका राज्यात एक राजा होता, राजाहून जुना एक राजमार्ग होता, आणि त्या राजमार्गावर एक खड्डा होता.

मार्ग बांधला कालसेन नावाच्या मांत्रिकाने. नगरसभेने काम करून घेतले, देखभालीचे वचन दिले आणि मग ती ते सोयीस्करपणे विसरून गेली. मरताना कालसेन म्हणाला, "या मार्गावर खड्डा पडेल. तो जे गिळेल ते मरणार नाही, आणि वरही येणार नाही. कोणी अधिकारी 'खड्डा माझा' म्हणेल तेव्हाच गिळलेले परत येईल. मात्र म्हणणाऱ्याची पाठ त्या ओझ्याने जन्मभर वाकलेली राहील."

पाठ वाकवून घ्यायला कोण तयार होतो? नगरसभेने तांब्याच्या पत्र्यावर नियम कोरून घेतला. मार्ग नगराचा असेल, खड्डा खरा असेल, आणि नगराला तो आधीपासून ठाऊक असेल, तरच वाहनाच्या नुकसानीचे उत्तर नगर देईल. हे सिद्ध कोणी करायचे? ज्याचे बुडाले त्याने. पत्रा घासूनपुसून लख्ख ठेवीत असत. खड्डा मात्र वर्षानुवर्षे तसाच होता.

एके दिवशी राणोजी गाडीवान गुळाच्या ढेपा भरून बाजाराला निघाला. त्याची बायको बकुळा डोक्यावर पाटी घेऊन मागून चालत होती. तिच्या डोळ्यांदेखत चाक कलले, बैल हंबरले, आणि गाडी, बैल, राणोजी सगळेच दिसेनासे झाले. खड्ड्यावर पुन्हा गढूळ पाणी साचले. बकुळेने हाका मारून मारून घसा फोडला. मग ती नगरसभेत गेली.

नगरपाल वज्रधर उंच आसनावर बसला होता. शेजारी सोन्याच्या पिंजऱ्यात साळुंकी होती. ती त्याची फार लाडकी. पालखीतसुद्धा तो तिला जवळ घेऊन बसे.

"माझा धनी परत द्या," बकुळा म्हणाली.

"मार्ग नगराचा आहे, हे आधी सिद्ध कर," वज्रधर म्हणाला.

वेशीवर हद्दीचा दगड होता. तो बोलत असे, पण फुकट बोलत नसे.

"काय देशील?" दगडाने विचारले.

"माझ्यापाशी काय आहे?"

"तारुण्य आहे."

बकुळेने ते दिले. केस पांढरे झाले, गुडघे दुखू लागले. दगड सभेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "माझ्यापासून राजवाड्यापर्यंत मार्ग नगराचा."

"असेल," वज्रधर म्हणाला. "पण तो खड्डा कशावरून? डबके असेल. किती खोल आहे ते दाखव."

बकुळेने आपल्या लुगड्याच्या चिंध्या केल्या, एकीला एक बांधली आणि तो दोर खड्ड्यात सोडला. साठ हात दोर गेला आणि खालून ओढ बसली. तिने तो वर घेतला. टोकाला गाठ होती. बैल जुंपताना राणोजी मारायचा तीच. बकुळा खड्ड्याच्या काठाशी बसून पोटभर रडली, कारण तो आत होता आणि तिला ओळखत होता.

सभेने दोर मोजला. वज्रधर म्हणाला, "खड्डा खरा. पण आम्हांस तो ठाऊक नव्हता. कोणी सांगितलेच नाही. सांगितले असेल तर साक्षीदार आण."

खड्डा साऱ्या नगराला ठाऊक होता. साक्षीला एकही माणूस उभा राहीना. बकुळा घरोघर फिरली, दारे मिटत गेली. शेवटी तिने नगरपालाच्या पालखीचा म्हातारा भोई गाठला. सटवा त्याचे नाव.

"बाई, आमी वाटंला बोलतो," सटवा म्हणाला. "पुढच्याला दिसतं, त्यो मागच्याला सांगतो. सभेत बोललो तर मान जाईल आमची."

"मग वाटेत काय बोलता, तेवढे तरी सांगा."

सटव्याने इकडेतिकडे पाहिले. त्याने फक्त पालखीतल्या पिंजऱ्याकडे बोट केले.

दुसऱ्या दिवशी खुद्द राजा पद्मनाभ सभेला आला होता. बकुळा पुढे झाली.

"महाराज, साक्षीदार इथेच आहे. हा पिंजरा खांद्यावर घेऊन मला भोयांच्या चालीने तीनशे पावले चालू द्या. नगरपालांच्या दारापासून खड्डा तेवढाच दूर आहे."

"आता पाखरांची साक्ष घ्यायची?" वज्रधर हसला.

"चालू दे तिला," राजा म्हणाला.

बकुळा सभेपुढच्या चौकात फेऱ्या घालू लागली. चाळिसाव्या पावलाला साळुंकी ओरडली, "चढ आला, दम धरा!" चौक तर सपाट होता. दीडशेव्या पावलाला ती म्हणाली, "उजवीला दगड!" तिथे दगड नव्हता. सभा हसली. तीनशेव्या पावलाला साळुंकीने पंख फडफडवले आणि ती सटव्याच्या आवाजात ओरडली, "खड्डा आला! डावं घ्या, मालकाला हादरा नको!"

आणि लगेच, हुबेहूब वज्रधराच्या आवाजात, "रोजचाच आहे तो. चला लवकर."

हसणे जागच्या जागी थांबले. राजाने नगरपालाकडे पाहिले. "खड्डा कोणाचा?"

वज्रधराची नजर तांब्याच्या पत्र्यावर गेली. "गाड्या आणि बैल, तेवढ्यापुरता खड्डा माझा," तो म्हणाला, आणि त्याची पाठ कमानीसारखी वाकली.

सगळे खड्ड्याकडे धावले. खड्ड्यातून एकोणीस गाड्या वर आल्या, जुंपलेल्या बैलांसकट. राणोजीची गाडीही आली. ढेपा जागच्या जागी होत्या. गाडीवानाची जागा रिकामी होती.

"महाराज, माणूस?" बकुळेने विचारले.

"पत्र्यावर वाहन लिहिले आहे," वज्रधर वाकल्या मानेने म्हणाला. "माणूस लिहिलेला नाही."

राजा खड्ड्याच्या काठाशी आला. त्याला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही. "माझा रथही इथे रोज वळसा घेत होता," तो म्हणाला. "माणसे माझी. खड्डा माझा."

त्याची पाठ वाकली. मुकुट डोक्यावरून निसटून चिखलात पडला. खड्ड्यातून बावीस माणसे बाहेर आली. चौघांना घरी न्यायला कोणीच उरले नव्हते; ते तिथेच उभे राहिले. मग खड्डा मुकुटासकट बुजला.

त्यानंतर राजाने तांब्याचा पत्रा वितळवला आणि भोयांना सभेत बसायला जागा दिली. वाटेत जे दिसे ते तिथे सांगत, आणि नव्या खड्ड्यावर त्याच दिवशी माती पडे.

राणोजी सर्वांत शेवटी वर आला होता. चिंधीचा एक तुकडा मुठीत होता. इतक्या काळोखानंतर त्याच्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. पांढऱ्या केसांची बकुळा त्याला दिसली नाही; त्याने तिचा हात चाचपला आणि ओळखला.

आता गाडी बकुळा हाकते. राणोजी शेजारी बसतो. सभेने सोडून दिलेली साळुंकी खड्ड्याच्या जागेजवळच्या झाडावर राहते आणि गाडी दिसली की ओरडते, "खड्डा आला!"

राणोजी दचकून बकुळेचा दंड धरतो.

"काही नाही," बकुळा म्हणते. "बुजला तो." आणि तरीही, दर वेळी, ती बैलांना डावीकडून घेते.