तिरळ्या राणीचं चित्र

एकदा काय झालं, एका राजाला आपल्या राणीचीच लाज वाटायला लागली. बंड्या, हसतोस काय? आधी पांघरूण घे.

राणीचं नाव तिळवंती. डोळे तिरळे. एक बघे आंब्याकडे, दुसरा चिंचेकडे. राजा म्हणाला, "दरबारात तुझ्या जागी तुझं चित्र बसवू, देखण्या डोळ्यांचं. तू आपली आतच बस." आणि लखू चिताऱ्याला हुकूम गेला, "राणीकडे बघायचं नाही. डोळे कमळासारखे काढ. चुकलास तर बोटं छाटीन."

मग राणीनं चिठ्ठी लिहिली, कावळ्याच्या पायाला बांधली. "लखूदादा, माझे डोळे तिरळे. तसेच काढा."

उत्तर आलं, "बाईसाहेब, मला बोटं दहाच आहेत."

त्यानं काढली कमळं. आता चिताऱ्यांची रीत अशी, बरं का, की डोळे सगळ्यात शेवटी काढायचे आणि लगेच चित्राला आरसा दाखवायचा. चित्रानं आरशात पाहिलं नि डोळे गच्च मिटले!

राजा म्हणाला, "मग हरणाचे काढ."

राणीनं लिहिलं, "दादा, हरणाला रानात धाडा, मला दरबारात."

लखूनं लिहिलं, "बाईसाहेब, माझी बायको रोज माझी बोटं मोजते."

हरणाचे डोळेही मिटले. वर चित्रानं जीभ दाखवली. शकू, अगदी तुझ्यासारखी!

मग राणीनं तिसरी चिठ्ठी लिहिली. "दादा, उद्या पाहुणे राजे येणार. मिटल्या डोळ्यांचं चित्र बघून राजा तुमची बोटं छाटणारच. मग खरं काढून तरी छाटून घ्या!"

लखूला पटलं. भर दरबारात त्यानं तिरळे डोळे काढले, आरसा धरला. चित्र खुदकन हसलं. त्याचा एक डोळा राजावर, दुसरा थेट प्रधानावर. प्रधान पाहुण्यांचा मोत्यांचा कंठा पगडीत कोंबत होता!

"प्रधानजी, कंठा खाली ठेवा!" चित्र ओरडलं.

पाहुणे म्हणाले, "वा! अशी राणी आम्हांला का नाही?"

राजा घाईघाईनं म्हणाला, "बोलवा, तिळवंतीला बोलवा!" पण ती कधीचीच येऊन सिंहासनावर बसली होती.

"चित्राला आत बसवा, माझ्या जागी," ती म्हणाली. "आणि महाराज, माझा एक डोळा तुमच्यावर, दुसरा लखूदादांच्या बोटांवर. एक जरी कमी झालं, तर बघा!"

मग राजा वठणीवर आला, लखूची बायको बोटं मोजायची थांबली, आणि सगळी सुखानं नांदली. चला, मिटा आता डोळे. सरळ असोत की तिरळे!