वीरगळावरचा चेहरा

तांबसरच्या गुरांवर दरोडा पडला, तेव्हा धामदेव गवळी एकटा वेशीत उभा ठाकला. गुरं वाचली, तो मात्र तिथेच पडला. गावचा सामंत गोविंदरस त्या वेळी गढीचं दार लावून आत बसला होता.

धामदेवाचा वीरगळ माईदेव पाथरवटाने घडवायला घेतला. शिळा कोरत आणली, फक्त वीराचा चेहरा उरला, आणि सामंत धाकट्या भावासह लवाजमा घेऊन दारात आला.

"इथे माझा चेहरा कोर," तो म्हणाला. "गाव माझं, गुरं माझी. नाही म्हणालास तर हात तोडीन."

कोपऱ्यात धामदेवाची बायको मान खाली घालून उभी होती. माईदेवाने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"जशी आज्ञा, धनी. पण वीरगळ रणात पडलेल्याचाच असतो. हे बघा, खाली वीर मरून पडलाय, वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. आपल्याकडे शिळा उभी राहिली, की त्याच दिवशी वारसाला पागोटं बांधतात. धाकटे धनी इथेच आहेत, त्यांना मुहूर्त काढायला सांगू का?"

धाकट्या भावाचा हात नकळत डोक्याकडे गेला. ते पाहून सामंताचं तोंड उतरलं.

"गवळ्याचाच कोर," तो पुटपुटला. जाता जाता मात्र त्याला राहवेना. "म्हणजे या शिळेवर मी कुठेच नाही?"

"आहात की, धनी. त्या कोपऱ्यात तुमची गढी कोरलीय. दार लावलेलं आहे."

धामदेवाच्या बायकोने मान वर केली.