शेवटचा दरवाजा उघडेपर्यंत

"...पण दीड वर्षात तिनं एकदाही फोन करू नये का, चाचा?"

मिलिंद खवणेकरनं हे विचारलं तेव्हा त्यांची टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, पनामा कालव्यातल्या बोटी खाली उतरवणाऱ्या शेवटच्या हौदात उभी होती. पुढे लोखंडी दरवाजा बंद. दरवाजापलीकडे, खूप खाली, समुद्राकडे जाणारं पाणी.

सकाळचे साडेआठ झाले होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून चार दोर टगवर आले होते. हौदातलं पाणी उतरेल तशी टग उतरणार आणि तसतसा दोर सोडत जायचा, एवढंच काम. पुढचा एक दोर डेकवरच्या खुंट्याला वेढे देऊन मिलिंदच्या हातात होता. शेजारी खलाशांचे प्रमुख, सारंग दाऊद मुकादम उभे होते.

दाऊदचाचा दाभोळचे. चाळीस वर्षं बोटीवर काढलेली. मिलिंदला दोराची पहिली गाठ त्यांनीच मारायला शिकवली होती. आता मिलिंद चीफ ऑफिसर होता आणि चारचौघांत चाचा त्याला साहेब म्हणत.

पाणी उतरू लागलं. आवाज नाही... फक्त ओल्या भिंती उंच होत गेल्या.

मिलिंद सांगत राहिला. त्याच्या बायकोला, मृण्मयीला दिवस गेले तेव्हा तो बोटीवर होता. मूल जन्मतःच गेलं तेव्हाही बोटीवरच होता. मालवणला घरी पोचला तो चार महिन्यांनी. दारात उभं राहून, पायातले बूटही न काढता, त्यानं बायकोला पहिला प्रश्न विचारला होता, मोठ्या हॉस्पिटलात का नाही गेलीस?

 दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती देवगडला माहेरी निघून गेली.

तेव्हापासून तो प्रत्येक बंदरात आधी हिशेब करायचा, की आता तिकडे किती वाजले असतील, ती काय करत असेल. जेवताना मध्येच थांबायचा. तिचा जुना, दोन शब्दांचा एक मेसेज होता, 'पोचलास का', तो उघडून बघत बसायचा.

"आणि मी चूक काय बोललो? खरंच मोठ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर..."

दोर करकरला.

मिलिंदनं तो आवळून धरला होता. टग पाण्याबरोबर खाली चालली होती आणि तो एक दोर तिला वर ओढत होता. डेक कलला. मागून कोणीतरी हाक मारली.

 चाचांनी मिलिंदच्या मुठीवर हात ठेवला आणि बोटं एकेक करून उघडली. दोर सळसळत सुटला. टग सरळ झाली.

मिलिंद हातावरच्या वळाकडे बघत राहिला... मग दोर पुन्हा धरून सोडत गेला.

पाणी तळाशी येऊन थांबलं. बाकीचे लोक आपापल्या दोरापाशी उभे होते. दरवाजा अजून मिटलेलाच होता.

"फोन केला तर बोलू काय?" मिलिंदनं अगदी हळू विचारलं. माफी मागायचं त्यानं शंभरदा मनात घोकलं होतं. पण प्रत्येक वेळी ते शब्द दुसऱ्याच कुणाचे वाटले होते.

"मुलगा होता की मुलगी?" चाचांनी विचारलं.

"मुलगी."

"तिच्या आईनं नाव काय ठरवलं होतं?"

मिलिंद दरवाजाकडे बघू लागला.

दरवाजाला फट पडली. खारा वारा आत आला. फटीतल्या उजेडात पाण्यावर टपून बसलेले पेलिकन पक्षी उडाले.

"मला माहीत नाही," मिलिंद म्हणाला. "मी कधी... विचारलंच नाही."

चाचांनी त्याच्या हातातला दोर आपल्या हातात घेतला.

"मग ते विचार."